पोळ्याच्या आठवड्यातले २४ लोफ: साधना, सावरडो आणि माहितीपट एकाच घरात

हे प्रकरण नागपुरातल्या एका बाईंचं आहे. नाव आणि मोहल्ला मुद्दाम दिलेला नाही. त्या रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास विपश्यना करतात. आठवड्यातून दोन दिवस सावरडो ब्रेड (बाजारचं यीस्ट न घालता घरच्या आंबवणाने फुगवलेला पाव) भाजून ठरलेल्या घरांना देतात. गेल्या दोन वर्षांपासून मारबत आणि बडग्ये घडवणाऱ्या एका कारागिरावर माहितीपटही करत आहेत. ही तीन कामं त्यांच्या आयुष्यात बऱ्यापैकी नांदत होती. पोळ्याच्या आठवड्यात मात्र तिन्ही एकाच दिवशी कोसळली. नेमकं काय झालं, का झालं आणि पुढच्याच आठवड्यात काय बदललं, ते आकड्यांसह मांडतो आहोत, कारण अशी कामं एकत्र करणाऱ्यांना सल्ले भरपूर मिळतात, आकडे मिळत नाहीत.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी मारबतीबद्दल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. ही परंपरा १८८० च्या दशकापासूनची. पिवळी जागनाथ बुधवारीकडून येते. इतवारीत नेहरू पुतळ्यापाशी दोघी समोरासमोर येतात. 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत माणसांचा लोंढा पुढे सरकतो, सोबत त्या त्या वर्षीच्या प्रश्नांवर टीका करणारे बडग्ये, म्हणजे पुतळेच, असतात आणि शेवटी दहन होतं. चित्रपट करणाऱ्यासाठी यातली एकच गोष्ट महत्त्वाची आहे: हे वर्षातून एकदाच होतं. चुकलं तर पुढच्या पोळ्यापर्यंत थांबायचं.

त्या वर्षी पोळा शुक्रवारी होता आणि मारबत शनिवारी. शनिवार हाच त्यांचा ब्रेड पोहोचवण्याचा दिवस, आणि मागणी होती २४ लोफची.

त्यांचं सूत्र साधं आहे. पिठाला १०० धरून पाणी ७२, मीठ २, स्टार्टर २० (स्टार्टर म्हणजे आधी आंबवून जिवंत ठेवलेलं विरजण, त्यात पीठ-पाणी समसमान). पिठात ७० भाग मैदा आणि ३० भाग चक्कीवरून आणलेली, एकदा चाळलेली कणीक. भाजण्यापूर्वी ८०० ग्रॅमचा एक लोफ, म्हणजे २४ लोफना १९.२ किलो पीठगोळा. मैदा ६.९३ किलो, कणीक २.९७ किलो, पाणी ७.१३ किलो, मीठ १९८ ग्रॅम, स्टार्टर १.९८ किलो. ओव्हनमध्ये एका वेळी ६ लोफ मावतात. एका घाण्याला ४५ मिनिटं आणि मधे दगड पुन्हा तापायला १० मिनिटं, असे चार घाणे म्हणजे साडेतीन तास.

मूळ बेत असा: गुरुवारी दुपारी ३ ला पीठ भिजवायचं, ६ ते ७ ध्यान, साडेसातला आकार द्यायचा, साडेआठपर्यंत लोफ फ्रिजात. शुक्रवारी रात्री ९ ला भाजायला सुरुवात, १ पर्यंत काम संपलेलं. साडेतीन तास झोप, साडेचारला ध्यान, आठला कॅमेरा घेऊन इतवारीत. कागदावर यात खोट दिसत नाही.

शुक्रवारी दुपारी कारागिराचा फोन आला. "ताई, आज रातभर काम चालन. पाहाचं असन त आजच या, उद्या काही दिसनार नाही." डोळे रंगवणं, दागिने चढवणं, हात जोडणं, सगळं त्या एका रात्रीत होणार होतं, आणि दोन वर्षं त्या याच रात्रीची वाट पाहत होत्या. त्या रात्री ९ ला गेल्या आणि अडीचला परतल्या. ओव्हन ९ ऐवजी ३ ला पेटला. साडेचारचं ध्यान बुडालं. आठपर्यंत चार घाणे व्हायला वेळ होता, पण दगड पुरेसा तापलेला नव्हता आणि त्यांना आवरून निघायचं होतं, म्हणून दोनच घाणे काढले. उरलेले १२ लोफ फ्रिजातच राहिले, ते संध्याकाळी सहाला भाजले. संध्याकाळचं ध्यानही गेलं.

निकाल: पहिल्या १२ पैकी ४ पसरट झाले. नंतरचे १२ च्या १२ बसले. वरची चीर उघडली नाही, आतली जाळी बारीक आणि ओलसर, कड फिकट. एकूण १६ लोफ देण्यालायक नव्हते. त्यांनी ते अर्ध्या इंचाच्या कापांत कापले आणि १२० अंशांवर पन्नास मिनिटं वाळवून टोस्ट केले. चहासोबत ते संपले, म्हणून अन्न वाया गेलं नाही.

माहितीपटाची बाजूही बरी नव्हती. शंभर मेगाबिट प्रतिसेकंद दराने एका तासाचं चित्रण ४५ जीबी होतं. त्यांच्याकडे १२८ जीबीची तीन कार्डं होती. रात्री साधारण चार तास कॅमेरा चालू राहिला, म्हणजे १८० जीबी. घरी आल्याबरोबर कार्डं दोन डिस्कवर उतरवून रिकामी करायची होती, पण अडीचला घरात पाऊल टाकलं तेव्हा ओव्हन आधी की लॅपटॉप आधी, यात ओव्हन जिंकला. दिवसासाठी साडेचार तासांची जागा उरली. मिरवणूक सुरू होण्याच्या आधीच्या गर्दीवर, ढोलताशांवर, गच्चीवरच्या लोकांवर त्या मोकळ्या हाताने कॅमेरा चालवत राहिल्या. काळी आणि पिवळी समोरासमोर आल्या तेव्हा शेवटच्या कार्डावर चार मिनिटं शिल्लक होती. भेटीचा पहिला भाग मिळाला, पुढचा नाही.

आता कारणं. ब्रेड बिघडला तो उशिरा भाजल्यामुळे, असं सगळ्यांना वाटलं. ते अर्धंच खरं आहे. नीट थंड झालेला सावरडोचा लोफ ४ अंशांवर ३६ ते ४० तास सहज थांबतो. शेवटचे १२ लोफ भाजेपर्यंत ४५ तास झाले होते, ते मर्यादेबाहेर होतं, हे मान्य. पण पहिले १२ तर ३० तासांतच भाजायला घेतले होते. त्यांतले ४ का बसावेत?

पुढच्या आठवड्यात तेच प्रमाण घेऊन एका लोफच्या पोटात थर्मामीटरची सळई खुपसून नोंद ठेवली, तेव्हा खरं कारण दिसलं. फ्रिजचा आकडा ४ दाखवत होता. लोफच्या मध्यभागी मात्र आत ठेवताना २८ अंश होते, दोन तासांनी २१, पाच तासांनी १४. चारावर यायला ११ तास लागले. म्हणजे रात्रभर, कुणीही न पाहता, आंबणं चालूच होतं. १९ किलो पीठगोळा २८ वरून ४ अंशांवर आणायचा तर त्यातून सुमारे १,३०० किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. घरगुती फ्रिज दुधाची पिशवी आणि कालची भाजी थंड ठेवण्यासाठी बनलेला असतो. टोपल्या एकमेकींना चिकटून ठेवल्या की मधून हवा फिरत नाही, वरचा लोफ खालच्याला ऊब देतो. त्यातून दर वीस मिनिटांनी कुणीतरी पाण्याची बाटली काढायला दार उघडतं.

दुसरं कारण त्याही आधीचं. भाद्रपदाच्या तोंडावर नागपुरातली खोली ३१ अंश, डब्यातलं पीठ ३०, स्टार्टर २९. हाताने मळल्याने चार अंश धरा. पीठगोळा २५ अंशांवर हवा असेल तर ठोकताळा असा: २५ गुणिले ४ म्हणजे १००, त्यातून ३०, ३१, २९ आणि ४ वजा. उरतात ६. पाणी ६ अंशांचं हवं. नळाचं पाणी २८ चं असेल तर ७.१३ किलो पाण्यात १.४५ किलो बर्फ लागतो. (बर्फाचं गणित: एकूण पाणी, गुणिले नळाचं आणि हवं असलेलं यांतला फरक, भागिले नळाचं तापमान अधिक ८०. बर्फ एकूण पाण्यातच धरायचा, वरून घालायचा नाही.) त्यांनी त्या दिवशी अंदाजाने दोन ट्रे बर्फ टाकला होता, जेमतेम ४०० ग्रॅम. गोळा २८ वर गेला. २५ अंशांवर २० टक्के स्टार्टरला साडेचार ते पाच तास लागतात, २८ वर साडेतीन-चार. साडेसातपर्यंत गोळा दीडपटीच्या पुढे, जवळपास पावणेदोनपट झालेला होता. साडेसहा-सातला तो नेमका जागेवर होता. सहा ते सात त्या ध्यानाला बसल्या होत्या.

मे महिन्यात हे गणित आणखी वाईट होतं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि साध्या मे महिन्यातही स्वयंपाकघर ४० वर असतं. खोली ४०, पीठ ३८, स्टार्टर ३६ धरलं तर पाण्याचं उत्तर शून्याखाली १८ येतं. तिथे बर्फ पुरत नाही. पीठच आदल्या रात्री फ्रिजात ठेवावं लागतं, किंवा एप्रिलअखेर ते जून ब्रेड बंद ठेवावा. आमचं मत दुसऱ्याच्या बाजूने आहे.

तिसरं कारण ध्यानाच्या खोलीत होतं. सहा वाजता त्यांनी फोनवर गजर लावून तो आसनाशेजारी ठेवला होता. तासभर मन श्वासावरून गोळ्याकडे आणि गोळ्यावरून फोनकडे जात राहिलं, असं त्यांच्या वहीत लिहिलेलं आहे. उठून गोळा पाहिला असता तर ब्रेड वाचला असता. गोळा विसरला असता तर तो तास वाचला असता. झालं असं की दोन्ही गेले.

इथे एका लोकप्रिय कल्पनेशी आमचा स्पष्ट मतभेद आहे. पीठ मळणं हेच ध्यान, कॅमेऱ्यातून पाहणं हीच साधना, असं बोललं जातं. मळताना मन शांत होतं हे खरं. पण विपश्यनेत डोळे मिटून, काहीही मिळवायचं नसताना, शरीरावर जे उमटतं ते समतेने पाहायचं असतं. मळताना गोळ्याकडून काहीतरी हवं असतं, आणि हवं असायलाच पाहिजे, नाहीतर तो कच्चा राहतो. चित्रण करताना तर नजर सतत निवडत असते. तिन्ही कामं मनापासून करता येतात, पण एकाच्या खात्यात दुसरं जमा करता येत नाही. ज्या दिवशी बसणं झालं नाही त्या दिवशी 'मळलं ना' म्हणून समाधान मानलं, की महिन्याभरात बसणं सुटतं.

मग तिढा कसा सोडवायचा? त्यांना बहुतेकांनी सांगितलं की ब्रेड कमी करा, नाहीतर चित्रपट नंतर करा. आम्ही प्रश्न वेगळा विचारला: तिन्हींपैकी हलणारं काय आहे? मारबत हलत नाही, कारागिराची रात्रही नाही. ती वेळ दुसऱ्याची आहे. ध्यानाची वेळ हलवली तर हलते, पण एकदा हलवली की रोज हलवण्याचं कारण सापडतं. उरला पीठगोळा. लोक त्यालाच सगळ्यात हट्टी समजतात, आणि खरं तर तोच एकटा असा आहे ज्याला तापमान, स्टार्टर आणि मीठ यांच्या जोरावर सहा तास मागे-पुढे करता येतं. म्हणून सगळे बदल ब्रेडमध्ये केले.

स्टार्टर २० वरून १० टक्क्यांवर आणला. १९.२ किलोसाठी पीठ मग १०.४३ किलो लागतं, पाणी ७.५ किलो. पीठ आदल्या रात्रीपासून फ्रिजात, सुमारे ८ अंशांवर. गोळ्याचं लक्ष्य २३ अंश. ठोकताळ्याने पाणी २० अंशांचं येतं आणि बर्फ साडेपाचशे ग्रॅमवर भागतो. सकाळी ८ ला भिजवायचं, म्हणजे सकाळचं ध्यान झाल्यावर. पहिल्या दोन तासांत दर अर्ध्या तासाने चार घड्या. सरळ भिंतीच्या पारदर्शक डब्यात गोळ्याची पातळी आणि त्यावर ३० टक्के वाढीची खूण टेपने लावायची. गोळा खुणेला टेकला की थांबायचं, घड्याळ पाहायचं नाही. पूर्वी त्या दीडपटीपर्यंत थांबत. पण गोळा थंड होईपर्यंत उरलेली वाढ फ्रिजातच होते, ती आधीच धरून चालायचं. दुपारी तीनच्या सुमारास आकार. टोपल्यांना मलमलचं कापड, त्यावर तांदळाची पिठी. मैद्याने ओलसर हवेत कापड चिकटतं, पिठीने नाही.

थंड करण्याची रीत सगळ्यात जास्त उपयोगी ठरली. सहा-सहा लोफ पंचवीस मिनिटं फ्रीझरमध्ये, मग खाली. त्यांनी जुना, पंखा असलेला व्हिसी कूलर घेतला, कोल्ड्रिंकच्या दुकानात असतो तो. १२ लोफ त्यात, १२ फ्रिजात, दोन टोपल्यांमध्ये किमान चार बोटं अंतर, आणि रिकाम्या जागेत बर्फ झालेल्या पाण्याच्या बाटल्या. घरातल्यांचं पाणी माठात. सळईवाला लोफ या वेळी साडेचार तासांत ६ अंशांवर आला. संध्याकाळी सहाला खोलीच्या तापमानावर काहीच आंबत नव्हतं आणि फोन दुसऱ्या खोलीत होता.

चोवीसही लोफ मुद्दाम ३४ तासांनी भाजले. २४० अंशांवर पहिली १८ मिनिटं वाफेत (खालच्या तापलेल्या लोखंडी ट्रेमध्ये ३०० मिली उकळतं पाणी), मग ट्रे काढून २१५ वर २५ ते २७ मिनिटं, पोटात ९७ अंश. तेवीस चांगले फुगले. एक टोपलीला चिकटून फाटला. त्या टोपलीचं कापड ओलं राहिलं होतं.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. लोफ चार तास जाळीवर निववल्याशिवाय पिशवीत घालायचा नाही, आणि पिशवी कागदाचीच. प्लॅस्टिकमध्ये कड एका तासात चामट होते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते.

चित्रणात बदल थोडे, पण ठाम. कार्डं पाच केली. घरी आल्यावर काहीही करण्याआधी कार्ड दोन डिस्कवर उतरवायला लावायचं, कॉपी आपली आपण होत राहते. फाइलींची पडताळणी झाल्याशिवाय आणि एक प्रत घराबाहेर गेल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. भाचीला मिरवणुकीच्या दिवशी एकच काम: तासातासाला उरलेली जागा मोठ्याने सांगणं. शटर १/५०, वेग २५ फ्रेम, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. १/६० वर ठेवलं तर कारखान्यातल्या ट्यूबलाइट पडद्यावर लपलपतात. ढोलताशांत आवाजाची पातळी शिखराला उणे १२ डेसिबलपर्यंतच जाऊ द्यायची, आणि दुसऱ्या ट्रॅकवर तोच आवाज आणखी १२ डेसिबलने कमी ठेवायचा. पहिला फाटला तर दुसरा वाचवतो. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट दमट गल्लीत नेला की काचेवर आतूनही धुकं धरतं. अर्धा-पाऊण तास आधी बंद पिशवीतच बाहेर ठेवायचा. आणि भाजण्याच्या खोलीत लेन्स कधीही बदलायची नाही. मैद्याची हवेतली धूळ सेन्सरवर बसली की आकाशाच्या प्रत्येक चित्रात ठिपके दिसतात, आणि ती तेलकट हाताने पुसणं म्हणजे ओरखडा.

कारागिराची संमती त्यांनी कागदावर घेतली होती. ती कॅमेऱ्यासमोर, त्याच्या बोलीत, पुन्हा घ्यायला सांगितलं. बडग्यांवर चालू घडीच्या माणसांवर टीका असते. ती पडद्यावर कायमची राहते, मिरवणुकीतली मात्र संध्याकाळी जळून जाते. हा फरक त्याला आधी समजला पाहिजे. सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागेल, तेव्हा हीच दृश्यं चर्चेत येतील. भेटीचा हुकलेला भाग पुढच्या पोळ्याला घ्यायचं ठरलं. दुसऱ्या कुणाच्या फोनवरचं चित्रण मागून जोडायचं नाही, हा निर्णय त्यांचा, आणि तो आम्हाला योग्य वाटतो. त्या चार मिनिटांत कॅमेरा कारागिराच्या चेहऱ्यावर आहे.

उरला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा प्रश्न. नागपूर-कळमेश्वर रस्त्याजवळ माहुरझरीला धम्म नाग केंद्र आहे. पहिल्या संध्याकाळी फोन जमा होतो आणि अकराव्या दिवशी सकाळी बाहेर पडता येतं. पहाटे चारला घंटा, मौन, लिहिणं-वाचणं नाही. ब्रेडसाठी हा काळ सोपा आहे. २० ग्रॅम स्टार्टर, १०० ग्रॅम पीठ, ५० ग्रॅम पाणी असा घट्ट गोळा करून तासभर बाहेर ठेवायचा, मग ४ अंशांवर. दोन बरण्या, दोन वेगळ्या फ्रिजात. शिवाय थोडा स्टार्टर बटर पेपरवर पातळ फासून पंख्याखाली वाळवून त्याचे कपटे डब्यात. चित्रपटासाठी अवघड असतो तो फोन. कारागीर बारा दिवस 'ताईंना' फोन लावणार आणि तो लागणार नाही. दोन वर्षांत जमलेला विश्वास अशा ठिकाणी उसवतो. त्यांनी जाण्याआधी स्वतः जाऊन त्याला सांगितलं आणि भाचीचा नंबर दिला. त्याने पाचव्या दिवशी फोन केला: सांगाड्याचे बांबू यंदा कुठून आणले ते चित्रणात सांगायचं राहिलं होतं. भाचीने ते लिहून ठेवलं.

परत आल्यावर बरणीतला वरचा राखाडी थर काढून आतला भाग घेतला. १ भाग स्टार्टर, ५ पीठ, ५ पाणी असं खाद्य सकाळ-संध्याकाळ. पहिल्या वेळी दुप्पट व्हायला ११ तास लागले, दुसऱ्या वेळी ८, चौथ्या वेळी साडेपाच. त्या आठवड्यात मागणी २४ लोफची होती, त्यांनी १२ घेतले.